कुंभाराचा दृष्टांत

“मावशी, तिथं खांबाशी नका बसू. इकडं या, पुढं. अगदी मधोमध.”

गळ्यात हेडफोन अडकवलेले एक गृहस्थ मला खुणावत होते. देवकुळे त्यांचं नाव. वयानं माझ्याएवढेच असतील, तरी मी त्यांची मावशी. ‘गाभारा’ वाहिनीची ही माणसं दुपारपासून आमच्या रहिमतपूरच्या शिंपी आळीतल्या विठ्ठल मंदिरात वायरी पसरत होती. सप्ताहाचा सहावा दिवस होता, आणि त्या दिवशीचं अच्युतमहाराजांचं कीर्तन टीव्हीवर जाणार होतं.

“अहो, माझी जागा खांबापाशीच असते,” मी म्हटलं. “पुढं म्हाताऱ्या बायका बसतात.”

“महाराजांनीच सांगितलंय, शालनवहिनींना समोर बसवा. तुम्हीच ना त्या?”

शेजारच्या शेवंताकाकूंनी मला ढोसलं. “जा की गं. मानानं बोलावत्यात तर. मला बसवलं तर कॅमेरा तडकायचा त्यांचा.”

बायका हसल्या. मी पदर सारखा केला आणि पुढं जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. एवढा मोठा झालेला माणूस, पण वहिनीला विसरला नाही.

विणेकरी नानांचा मात्र सकाळपासून पारा चढलेला होता. आमच्याकडं कीर्तन रात्री जेवणं उरकल्यावर उभं राहतं. त्या दिवशी ते टीव्हीवाल्यांच्या सोयीनं उन्हं असतानाच ठेवलं होतं. “उजेड पुरत नाही म्हणे रात्रीचा,” नाना पुटपुटत होते. “पांडुरंग एवढी वर्षं समईत उभा आहे, त्याची काही तक्रार नाही.”

अच्युतमहाराजांचं पहिलं कीर्तन ह्याच देवळात झालं होतं. तेव्हा ते अगदी कोवळे, पाय लटलट कापत होते. मागं टाळकऱ्यांत माझे मालक, रंगनाथ, उभे होते. ते पुढं वाकून त्यांच्या कानात म्हणाले, “घाबरू नको रे. चुकलास तर आम्ही टाळ मोठ्यानं वाजवू. कुणाला कळायचं नाही.” त्या दिवसापासून महाराज माझ्या मालकांना दादा म्हणायला लागले आणि मला वहिनी. वयानं ते माझ्याहून लहान. पण जो एकदा नारदाच्या गादीवर उभा राहिला त्याला अरे-तुरे करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी त्यांना तेव्हापासून अहो-जाहो करत आले.

घरी आत्या वाट बघत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता. देऊळ चार घरांवर, पण त्यांना ते काशीएवढं लांब झालं होतं. म्हणून माझ्या मुलानं, सुहासनं, पुण्याहून फोनाफोनी करून घरात इंटरनेटची तार आणवली आणि टीव्हीखाली एक डबी बसवून दिली. वर्गणी भरली की त्या डबीतून ‘गाभारा’ लागायचा. पूर्वीच्या केबलसारखं नाही, की लागेल ते लागेल तेव्हा बघा. इथं हव्या त्या महाराजांचं कीर्तन, हवं तेव्हा, हवं तितक्यांदा. आत्यांना रिमोटवरचं एकच बटण ठाऊक होतं, मधलं गोल. ते दाबलं की देवाचं बोलणं सुरू होतं, एवढं त्यांना पुरे होतं. महाराज पडद्यावर आले की त्या डोक्यावर पदर घ्यायच्या, आणि टीव्हीच्या दिशेनं कुणी पाय पसरले तर त्याची खैर नसायची. एकदा दारात दूधवाला आला म्हणून मी कीर्तन मध्येच थांबवलं, तर म्हणाल्या, “आगं, महाराजांचं त्वांड उघडं राह्यलंय की! मिटू तरी दे त्यांना, मग जा.” नेट मंदावून पडद्यावर चक्र फिरायला लागलं की म्हणायच्या, “दम खात्यात. खाऊ दे.”

त्या दिवशी मी देवळात निघाले तेव्हाही त्यांनी विचारलं होतं, “आपलं देऊळ दिसंल न्हवं गं टीव्हीत? रंगाची जागा दिसंल?”

“दिसंल की, आत्या.”

महाराज उभे राहिले. पांढरंशुभ्र धोतर, फेटा, खांद्यावर उपरणं. “जय जय रामकृष्णहरी” झालं, मृदंगावर थाप पडली, आणि थोड्याच वेळात मला कळलं की आज काहीतरी वेगळं आहे. कीर्तनं मी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकली आणि पोर मांडीवर घेऊन ऐकली. कोण पाठ केलेलं बोलतो आणि कुणाच्या तोंडून आतलं येतं, हे मला डोळे मिटून सांगता येतं. त्या दिवशी आतलं येत होतं. विषय धरला होता रुसव्याचा. भक्त देवावर रुसतो, तो रुसवा.

“एक ऐका, माउली.” महाराजांनी आवाज खाली आणला. टाळकऱ्यांनी टाळ छातीशी धरले. “मराठवाड्यातलं एक गाव. गावात एक कुंभार. दिवसभर चाक फिरवायचा आणि सांज झाली की देवळात टाळ धरायचा. हाताला माती, मुखात नाव. सुखी माणूस. आणि एक दिवस त्याच्या गळ्याला गाठ आली.”

मी मान डोलावत होते. म्हटलं, आता देव वेष पालटून कुंभाराकडं येणार, त्याचं चाक फिरवणार. आमच्या कथांत देव येतोच.

“ज्या गळ्यानं नाव घेतलं, माउली, तोच गळा धरला देवानं. पाण्याचा घोट उतरेना. नुसती तळमळ. एक दिवस कुंभार बायकोला म्हणाला, तो टाळ घराबाहेर ठेव. मला दिसायला नको.”

माझी मान थांबली.

“बायको म्हणाली, अहो, असं बोलू नये. नाव घ्या. तशी त्यानं वर बघितलं. भिंतीवर पांडुरंगाची तसबीर. तिच्याकडं बघत, त्या फुटक्या आवाजात कुंभार म्हणाला...” महाराज थांबले. सगळं देऊळ थांबलं. “‘जा. मी तुझा न्हाई.’ आणि तसबिरीकडं पाठ केली. पुन्हा शेवटपर्यंत नाव घेतलं नाही.”

तो कुंभार नव्हता. तो शिंपी होता. गाव मराठवाड्यातलं नव्हतं, आणि ती तसबीर अजून आमच्या माजघरात आहे.

माझे मालक गेले तेव्हा आत्या खुबा मोडून साताऱ्याला माझ्या नणंदेकडं पडून होत्या. त्यांना आणलं तोवर सगळं उरकलेलं. चौघांनी उचलून दारात आणलं, तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, “नाव घेत गेला न्हवं?” मी म्हटलं, “हो आत्या. नाव घेतच गेले.” त्या एका शब्दावर ती बाई जगत होती. येईल-जाईल त्याला सांगायची, माझा रंगा हरिनामात गेला. गावालाही तेच ठाऊक होतं. खरं काय ते मी एकाच माणसाला सांगितलं होतं, कारण ह्यांना गती मिळाली असेल का, ह्या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. महाराज वर्षश्राद्धाला घरी आले होते. माजघरात बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वहिनी, रुसतं कोण? परका कधी रुसतो का?” त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आता तेच शब्द मृदंगाच्या साथीनं माझ्यासमोर आले.

“कुंभाराच्या बायकोनं मला विचारलं, महाराज, माझ्या मालकांना गती मिळेल का हो? मी म्हटलं, आई, रुसतं कोण? परका कधी रुसतो का? तुझा नवरा देवाला म्हणाला, मी तुझा न्हाई. अगं, जो कधी त्याचा नव्हताच, तो असं कशाला म्हणेल?”

टाळ उठले. सगळं देऊळ ‘विठ्ठल विठ्ठल’ करून पेटलं. शेवंताकाकू हुंदके देत होत्या. सकाळपासून चिडलेले नाना वीणा तशीच धरून उपरण्यानं डोळे पुसत होते. माझ्या गालांवरून धारा लागल्या होत्या. उठून जावं असं वाटत होतं. पण कीर्तन चालू असताना उठायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की पाय हलले नाहीत. समोर हातभर अंतरावर कॅमेरा होता आणि त्याचा तांबडा दिवा लागलेला होता. सगळ्यांना वाटलं, शालन भक्तीनं रडतेय. आणि सगळ्यात वाईट हे, की कीर्तन खरोखर फार सुंदर झालं होतं. कुंभाराची गोष्ट दुसऱ्या कुणाची असती, तर मी तितकीच रडले असते.

संपल्यावर मी रांगेत उभी राहून नमस्कार केला. तो गादीला होता. मग देवळामागच्या ओवरीत गेले. महाराज फेटा उतरवून घाम टिपत होते. दूध घेऊन आलेलं माणूस बाहेर पडेपर्यंत मी थांबले.

“महाराज, हे काय केलंत?”

त्यांचा चेहरा उतरला. “वहिनी, ओघात आलं हो. ठरवून नाही. गादीवर उभा राहिलो की माझा मी राहत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.”

“आत्या घरी हे बघणार आहेत. कधी लागतंय म्हणून रोज विचारतायत.”

“कुंभार म्हटलं ना मी. मराठवाडा म्हटलं. एवढं देऊळ भरलेलं, कुणाला काही कळलं का?”

“आईला कळतं, महाराज.”

ते एकदम माझ्या पायाला हात लावायला वाकले. मी घाईनं मागं सरले.

“टीव्हीवर जाईल त्यातून तेवढा दृष्टांत काढायला लावतो,” ते म्हणाले. “दादाची शपथ. आत्यांच्या कानावर जाणार नाही.”

मी विश्वास ठेवला. बोलताना ओघात येतं, कीर्तनकार वाहवतो, हे मला माहीत होतं. तसा वाहवणाराच मला आवडतो. मग तो ओघ मी नाही पोटात घालायचा, तर कुणी?

एकादशीला ते कीर्तन ‘गाभारा’वर लागलं. आळीतल्या बायका आमच्याकडं जमल्या. आत्यांना उशांना टेकवून बसवलं, त्यांनी कपाळाला बुक्का लावून घेतला आणि टीव्हीच्या चौकटीलाही लावायला लावला.

“त्यो बघा आपला कळस! आन ही शेवंता बघा, कशी डोळं वटारून बसलीया!”

“आत्या, माझं डोळं हाईतच मोठं,” शेवंताकाकू म्हणाल्या.

टाळकऱ्यांची रांग दिसली तशा आत्या हळूच म्हणाल्या, “रंगाच्या जागी कोण उभा ऱ्हातो आता?”

“साळुंख्यांचा दिलीप.”

“बरा हाय. पर लई वाकून वाजवतो. रंगा ताठ उभा ऱ्हायचा.”

माझं लक्ष कशात नव्हतं. रुसव्याचा विषय सुरू झाला. महाराजांनी आवाज खाली आणला. माझ्या हातात साबुदाण्याची ताटली होती, ती मी जमिनीवर ठेवली. आणि पुढच्या क्षणी पडद्यावर एकदम गजर सुरू झाला. ‘विठ्ठल विठ्ठल’, टाळ, मृदंग, नाना डोळे पुसताना. कुंभार नव्हताच. मध्ये कुठं कापलंय हेसुद्धा समजत नव्हतं.

“नाना का रडतोय गं?” आत्यांनी विचारलं.

“नामात रंगलेत, आत्या.”

मी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली आणि महाराजांना फोन लावला. “महाराज, शब्द राखलात.”

“वहिनी, तुमच्यासाठी एवढं नाही करणार?” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी भाकरी थापत होते. बाहेर आत्यांनी टीव्ही लावल्याचं ऐकू आलं. डबी चालू झाली की आधी एक मोठं चित्र येतं, आज हे बघा म्हणून. आत्या त्यावरच गोल बटण दाबायच्या.

“शालन! आगं पळत ये! टीव्हीत तूच हाईस! येवढी मोठी!”

मी पिठाच्या हातानं बाहेर आले. सबंध पडदा भरून माझा चेहरा होता. ओले गाल, वाकडे झालेले ओठ. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: देवावर रुसलेला कुंभार. डोळे भरून येतील असा दृष्टांत.

“आत्या, थांबा, ते नका लावू...”

त्यांनी बटण दाबलं होतं. मी टीव्हीपुढं आडवी उभी राहिले.

“सर की बाजूला. महाराज दिसंनात.”

टीव्हीचं बटण कपाटामागं. मी हात आत घातला, चाचपडत राहिले. मागं महाराजांचा आवाज चालू होता. चाक, टाळ, गाठ. मधूनमधून ते माझा चेहरा दाखवत असणार, कारण आत्या म्हणत होत्या, “आगं, का रडतीस येवढी?” आणि मग ते शब्द आले. जा. मी तुझा न्हाई.

माझ्या बोटांना बटण सापडलं. पडदा काळा झाला. आत तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

“लाव,” आत्या म्हणाल्या.

“नेट गेलं, आत्या.”

“शालन. लाव.”

मी लावलं. त्यांनी पहिल्यापासून सगळं बघितलं. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही. गजर संपला, पडद्यावर पुन्हा माझा चेहरा येऊन थांबला.

“ल्हान असताना माज्यावर रुसला की आसंच म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “चुलीम्होरं पाय आपटायचा. ‘जा, मी तुजा न्हाई.’ आन दारामागं जाऊन बसायचा.”

हे मला ठाऊक नव्हतं. एवढ्या संसारात ह्यांनी माझ्यावर रुसून ते वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं. महाराजांनी गाव बदललं, धंदा बदलला, बायकोचं बोलणंही बदललं. तेवढे शब्द मात्र बदलले नाहीत, कारण त्या शब्दांतच गोष्टीचा जीव होता.

“नाव घेत गेला म्हणालीस तू मला.”

“तुम्हाला सोसलं नसतं, आत्या.”

“आता सोसलं न्हवं? सुनंनं न्हाई सांगितलं. टीव्हीनं सांगितलं.”

मी त्यांच्या पायाशी बसले. तोंडात महाराजांचेच शब्द आले, माझ्यापाशी दुसरे होते कुठं? “आत्या, रुसतो तो आपलाच असतो. परका कधी...”

“ऐकलं की आत्ता.” त्यांनी हात हलवला. “त्यो रुसला की मी हातातली भाकर टाकून उठायची. दारामागनं उचलून आणायची. हातावर गूळ द्यायची. मी आई हुते. ह्यो कसला मायबाप? पोराचा गळा धरला. पोरगं रुसलं, तर ह्यो तसबिरीतनं हाललासुदिक न्हाई.”

मग त्यांनी दोन्ही हात मानेमागं नेले. हात तेवढे वर जात नव्हते, तरी नेले. लग्नाच्याही आधीपासून गळ्यात असलेली तुळशीची माळ त्यांनी डोक्यातून काढली आणि माझ्या पिठाच्या हातात दिली.

“देवळात ठिवून ये. त्याला म्हणावं, मी बी त्याची न्हाई.”

माळ मी नेऊन ठेवली. निरोप माझ्याच्यानं सांगवला नाही.

सुहासनं त्याच संध्याकाळी वाहिनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, तुमची वर्गणी बंद करायची आहे का? त्यानं बंद केली. आमच्या घरातलं चित्र गेलं, बाकीच्यांच्या घरातलं राहिलं. शेवंताकाकूंची ठाण्याची बहीण फोनवर म्हणाली, तुमच्या शालनला रोज बघतो आम्ही, काय भाव आहे बाईचा!

त्याच आठवड्यात महाराजांचं कोरेगावला कीर्तन होतं. मी एसटीनं गेले. शाळेच्या मैदानात मांडव, त्यामागं एका वर्गात महाराज फेटा बांधत होते. दाराशी देवकुळे वायर सोडवत बसले होते.

“या मावशी! तुमचा दृष्टांत बघितला का? आमच्याकडं सगळ्यात जास्त तोच बघतायत लोक.”

मी आत गेले.

“फेटा पुरता होतोय तोवर विचारते,” मी म्हटलं. “एकदा गादीवर गेलात की मला विचारता येणार नाही. काढायला लावतो म्हणाला होतात.”

“काढलं की, वहिनी. कीर्तनातून काढलं. शब्द पाळला मी.” फेट्याचं टोक त्यांच्या दातांत होतं, ते त्यांनी सोडवलं. “ते त्यांनी वेगळं लावलं. लोक आता थोडं थोडं बघतात. आणि वहिनी, तुम्हाला सांगतो, कुठून कुठून फोन येतात. सोलापूरची एक बाई रडत होती, म्हणाली, माझा मुलगा असाच बोलून गेला. आज तुमच्यामुळं घास गेला पोटात. हे पुण्य दादाच्याच पदरात पडतंय ना?”

“आत्यांनी माळ काढली.”

फेट्यावरचा हात थांबला. क्षणभरच.

“दृष्टांत कुणा एकाचा नसतो, वहिनी. गादीवरून सांगितला की तो सगळ्यांचा होतो.”

“दृष्टांत सगळ्यांचा असेल. नवरा माझा होता.”

ते भिंतीवरच्या आरशात बघत राहिले. मी निघणार होते. पण एसटीत बसल्यापासून एक गोष्ट मला टोचत होती, ती विचारल्याशिवाय पाय निघेना.

“ओघात आलं म्हणाला होतात. मग शालनवहिनींना समोर बसवा, हे देवकुळ्यांना आधीच कसं सांगितलंत?”

ते बोलले ते अगदी साध्या, घरच्या आवाजात. “त्यांना एक चेहरा लागतो. लोक कॅमेरा दिसला की रडतात, वहिनी. खोटं वाटतं ते. तुमचं रडणं खरं असतं.”

बाहेर मृदंग जुळवला जात होता. कुणीतरी दारातून म्हणालं, “चला महाराज, मंडळी खोळंबलीत.” ते माझ्या शेजारून निघून गेले, आणि मांडवात सगळी माणसं उठून उभी राहिल्याचा आवाज झाला. मी स्टँडवर आले तरी लाउडस्पीकर ऐकू येत होता. सूर छान लागला होता.

आत्या पुढच्या वर्षी थंडीत गेल्या. मधल्या काळात त्या काही कुढत बसल्या नाहीत. दूधवाल्याशी भांडायच्या, सुहासच्या बायकोची पोळी गोल नाही म्हणून हसायच्या, माझ्याशीही हळूहळू पहिल्यासारख्या बोलायला लागल्या. फक्त संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला की खिडकीकडं तोंड करायच्या. शेवटच्या सकाळी घरात आम्ही दोघीच होतो. मी तुळशीचं पान त्यांच्या ओठांशी नेलं. त्यांनी मान वळवली, आणि माझं मनगट धरून ठेवलं. पान माझ्या हातातच राहिलं. मी ते परसात नेऊन टाकलं आणि मग शेवंताकाकूंना हाक मारली.

तिसऱ्या दिवशी महाराज भेटायला आले. गाडी आळीच्या तोंडाशी सोडून पायी आले. माजघरात सतरंजीवर बसले. बायका वाकून नमस्कार करून गेल्या, सुहास चहा ठेवायला आत गेला, आणि आम्ही दोघंच उरलो.

“फार मोठ्या मनाची बाई,” ते म्हणाले. “माझ्या पहिल्या कीर्तनाला निघताना त्यांनीच माझ्या हातावर दही घातलं होतं.” त्यांचे डोळे भरून आले. तेही पाणी खरं होतं, ह्यात मला आजसुद्धा शंका नाही. मग ते थोडे पुढं सरकले, मान एका बाजूला कलती केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “शेवटी कसं झालं, वहिनी? सांगा. मन मोकळं करा.”

सगळं कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं, आणि त्यांच्याइतकं जीव लावून ऐकणारं माणूस मला आजवर दुसरं भेटलेलं नाही.

“काही नाही, महाराज,” मी म्हटलं. “म्हातारं माणूस. गेलं.”